नव्या अभ्यासक्रमाचा पहिला दिवस

स्वराज्य आलं तसा शाळेचा अभ्यासक्रमही बदलला. गिजरे मास्तरांनी म्हसवडकडच्या धनगरवाडीतल्या आईबापांना देवळात बसवून घसा बसेस्तोवर तो समजावला. “आता घोकंपट्टी बंद! पोरं कामातून शिकणार. मेंढरं मोजली की गणित, लोकर कातली की हस्तोद्योग, माळ तुडवला की भूगोल.”

मंडळींनी माना डोलावल्या. मास्तर गड जिंकल्यासारखे झोपले.

सकाळी शाळेत चिटपाखरूही फिरकलं नाही. उशिरा येणाऱ्या पोराला हमखास अंगठे धरायला लावणारे मास्तर तणतणत माळावर गेले. सगळी पोरं मेंढरांमागं हुंदडत होती.

“गुंडाबा, शाळेची वेळ कधीच टळली!”

काठीवर हनुवटी टेकून म्हातारा गुंडाबा म्हणाला, “आवं मास्तर, शाळा दिस उगवायलाच भरलीया. तुमालाच उशीर झाला. धरा अंगठे!”