दुसरा बार

"तुमच्या मुलाच्या हातात काय होतं, बाई?" आरोपीच्या बाजूच्या त्र्यंबक वकिलांनी विचारलं.

थेरेसा साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती. समोरच्या, आरोपीच्या पिंजऱ्यात हवालदार विश्राम, पट्टा उतरवलेला, डोकं बोडकं. मागच्या बाकांवर तिचा दीर पेद्रू आणि गावातली चार माणसं. सकाळी घोडबंदरच्या वाटेने ठाण्याला येताना पेद्रूने तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. "वयनी, एकच सांगायचा. फेलिक्सचे हात मोकले व्हते. कोयत्याचा नाव काडू नको. नायतर हवालदार सुटला समज."

पण मघाशीच तिने बायबलवर हात ठेवला होता.

"कोयता व्हता," ती म्हणाली.

पेद्रूने कपाळावर हात मारून घेतला.

"आणि तो त्याने हवालदारावर उगारला?"

"व्हय, उगारलान. खाडीकाठच्या ताडावरशी उतरला, तशी हवालदारानं त्याची मान धरलीन. म्हनाला, चोरून ताडी काडतोस, चल चौकीवर. फेलिक्सनं हिसका दिलान न कोयता वर केलान. मंग पयला बार झाला."

"म्हणजे हवालदाराने गोळी झाडली नसती, तर तुमच्या मुलाने त्याला तोडलं असतं."

लेकाचा राग थेरेसाइतका कोणाला ठाऊक होता? लहानपणी भरल्या ताटाला लाथ मारून उठायचा.

"तोडला असता," ती म्हणाली. "पयल्या बाराबद्दल माजा काय म्हनना नाय. हवालदाराच्या जागी कोनी पन मारला असता."

मागे कोणीतरी शिवी हासडली. शिपाई खेकसला. त्र्यंबक वकील न्यायाधीशांकडे वळले. वकिलांचा चेहरा खुलला होता. "सरकार, प्रत्यक्ष आईच सांगते आहे. आता वेगळं सिद्ध करायचं काय उरलं?"

"ते पयल्या बाराचा," थेरेसा म्हणाली. "दुसऱ्याचा तुमी इचारलाच नाय."

डॉक्टरांनी फेलिक्सच्या प्रेतावर दोन जखमा दाखवल्या होत्या, एक मांडीत आणि एक छातीत. विश्रामचा जबाब असा होता, की मांडीत गोळी घेऊनही फेलिक्स कोयत्यासकट पुन्हा अंगावर आला, म्हणून घाईघाईने बंदूक भरून दुसऱ्यांदा झाडावी लागली. तिथे या तिघांखेरीज चौथं माणूस नव्हतं.

"तो पुन्हा उठला नव्हता?" वकिलांनी विचारलं.

"नाय. चिखलात बसला व्हता, मांडी दाबून. कोयता कवाच खाडीत पडला व्हता. मला हाका मारीत व्हता."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"बांधाच्या पल्याड. धावले, तं ओहोटीच्या चिखलात रुतले. पाय निघंना. मी वराडले, विश्रामदादा, पुरे झाला, बांधून ने त्याला. त्यानं माज्याकडं बघलान." ती पुढे म्हणाली. "मंग बंदुकीत दारू ओतलीन. गोली टाकलीन. गज घेऊन ठासाया लागला."

विश्राम आपल्या पायांकडे बघत होता.

"बाई, तुम्ही आई आहात," वकील मवाळ आवाजात म्हणाले. "अशा वेळी क्षणसुद्धा लांबलचक वाटतो. खरं तर ते सगळं लगोलगच झालं, नाही का?"

गोऱ्या न्यायाधीशांनी टाक खाली ठेवला. ते मराठी सावकाश, शब्द तोलून बोलत. "दोन बारांच्या मधे किती वेळ गेला, बाई?"

"घड्याल नाय कलत, साहेब."

"अंदाजाने सांगा."

थेरेसाने पदर सावरला. "त्यानं दारू ओताया घेतली, तवा मी स्वर्गातल्या आमच्या बापाची प्रार्थना सुरू केली व्हती."

"मुलगा समोर रक्तात पडलेला आणि तुम्ही प्रार्थना म्हणत होतात?" वकिलांनी विचारलं.

"पाय रुतले व्हते," ती म्हणाली. "तोंडच तेवढा मोकला व्हता."

न्यायाधीश म्हणाले, "म्हणा ती प्रार्थना. त्या दिवशी म्हटली तशीच. बार झाला तिथे थांबा."

थेरेसाने हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. स्वर्गातला बाप, त्याचं नाव, त्याचं राज्य. एरवी चर्चमध्ये चटकन संपणारी प्रार्थना त्या कचेरीत संपता संपेना. बाहेर पंखा ओढणाऱ्याचा हात थांबला. गावची माणसं बाकांवरून उठून उभी राहिली. रोजची भाकर मागून झाली.

"आमच्या अपराधांची क्षमा कर," ती म्हणाली, "जशी आमी आमच्या अपराध्यांना..."

ती थांबली.

न्यायाधीशांनी टाक उचलला. "इथे बार झाला?"

थेरेसाने डोळे उघडले. विश्राम पहिल्यांदाच वर बघत होता, थेट तिच्याकडे. नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी चाललं असतं. पुढचे शब्द तोंडातून काढावे लागले नसते.

"नाय, साहेब," ती म्हणाली. "अजून हाय."

तिने पिंजऱ्याचा कठडा धरला. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"...क्षमा करतो," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं तिने शब्द न गाळता म्हटलं.

"आमेन." तिथे ती थांबली.

समोरच्या पिंजऱ्यात विश्राम दचकला.