तोंडी मक्ता

“कागद सोडून काहीही माग,” श्रीधरपंत म्हणाले आणि उठून त्यांनी पंखा वाढवला.

रुखमाबाई धरमपेठेतल्या त्या दिवाणखान्यात खाली फरशीवरच बसली होती. नवरा गेल्यापासून पंतांचं चार एकर शेत ती एकटीच मक्त्यानं करत होती. मक्ता दरवर्षी अक्षय तृतीयेला ठरायचा, तोही तोंडी. तिनं तुरीची डाळ आणायची, पंतांच्या बायकोनं, यमुताईंनी, तिच्या हातावर साखर ठेवायची, की झाला करार. यंदा मात्र तिला मालकाच्या सहीचा कागद हवा होता.

“बँकेतले साहेब म्हणते, मालकानं लिहून देलं तं पीककर्ज भेटन,” ती म्हणाली. “नाही तं बियाणं पुन्हा कृषी केंद्रवाल्याकडून उधारीवर. सारा कापूस त्याच्याच घरी जाते, काका. मंग मी काहून राबू?”

पंतांना तिची कीव येत होती. पण त्यांच्या वडिलांनी अशाच एका भल्या माणसाला जमीन कसायला लिहून दिली होती, आणि कूळ कायद्यात ती जमीन गेली ती गेलीच. तेव्हापासून या घरातून कसणाऱ्याला सगळं मिळायचं, कागद तेवढा मिळायचा नाही.

“बाईमाणूस उन्हातान्हात मरते तिकडे,” यमुताई स्वयंपाकघरातून कडाडतच बाहेर आल्या. नवऱ्यासमोर त्यांचा असा आवाज कधी निघाला नव्हता. “आणि तुम्ही एका सहीसाठी काहून अडून बसता? घर तुमचं, पेन्शन तुमची, शेतही तुमचंच. माझं असतं ना, तर केव्हाच दिली असती सही!”

रुखमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. या घरात आपल्या बाजूनं कुणी बोललं, हेच तिला खूप झालं.

पंत थकून म्हणाले, “दे मग. शेत तुझ्याच नावावर आहे.”

“माझ्या?” यमुताईंनी विचारलं.

“बाबांनी जाण्याआधी सुनेच्या नावावर केलं. सह्या केल्या होत्यास की तू.”

केल्या असतील. ‘इथे सही कर’ म्हटलं की त्या करत आल्या होत्या. कशावर, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यांना कुणी सांगितलंही नाही. त्या सोफ्यावर बसल्या. चार एकर! सासरच्या त्या शेतात त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

रुखमाबाईनं पिशवीतून लगबगीनं कागद काढला. पेनही तिनं बरोबर आणला होता. “इथं करा ना, ताई.”

यमुताईंनी चष्मा लावला. कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. रुखमाबाईकडे मात्र त्यांना बघवेना.

“रुखमा,” पेन खाली ठेवत त्या म्हणाल्या, “माझं शेत उद्या गेलं म्हणजे?”