फेरी स्ट्रीटचा नळ

"मिस ओडेसा, हात नका लावू, प्लीज," संचालक म्हणाला, तोवर म्हाताऱ्या ओडेसा टिब्सने पर्समधली नखं घासायची कानस काढून नळावर पहिला ओरखडा ओढलासुद्धा होता.

आगीच्या बंबाचा पाईप जोडायचा तो रस्त्यावरचा जुना बिडाचा नळ कॉलवेलच्या संग्रहालयात, नव्या दालनाच्या मधोमध उभा केला होता. कमरेएवढा उंच, नुकताच लालभडक रंगवलेला. खाली पितळी पाटी: 'फेरी स्ट्रीटचा विश्वासू पहारेकरी.' उद्घाटनाला आलेली माणसं सरबताचे ग्लास हातात धरून जागच्या जागी थांबली.

संचालक लिंडक्विस्ट तरुण होता, सभ्य होता. मूळचा रंग लालच होता, आम्ही नीट खात्री करून घेतली आहे, असं तो तिला हळू आवाजात समजावू लागला.

"गावाचा लाल होता," ओडेसा म्हणाली. "आमचा नव्हता."

आणि हात न थांबवता तिने सांगितलं. तिच्या लहानपणी घराला आग लागली तेव्हा बंब वेळेवर आला होता. हाच नळ दारासमोर होता. बंबवाल्यांनी पाईप जोडला, चावी फिरवली आणि आतून नुसती हवा आली. त्यांच्या खालच्या वस्तीचं पाणी बंद करून गिरणीकडे वळवलं होतं, आणि ते वस्तीत कुणाला सांगितलंही नव्हतं. आजोबांना आणायला आत गेलेला तिचा भाऊ लेलँड बाहेर आला नाही. आजोबाही आले नाहीत.

दोघांना पुरून आल्यावर बापाने अंगावरचे कपडेही न बदलता नळ पांढरा रंगवला, थडग्याच्या दगडासारखा. नगरपालिकेने माणूस पाठवून तो लाल केला. बापाने पुन्हा पांढरा केला. त्यापायी त्याला कोठडीत टाकलं, तेव्हा आई डबा आणि ब्रश घेऊन बाहेर पडली. आई-बाप गेल्यावर ओडेसा रंगवत राहिली. रस्ता रुंद करायला गल्ली पाडली, तेव्हाच ते थांबलं.

रखवालदार पुढे झाला. लिंडक्विस्टने त्याला हातानेच अडवलं.

लाल रंगाचे पोपडे पाटीवर पडत होते. लालखाली पांढरा निघाला. त्याखाली लाल, त्याखाली परत पांढरा. माणसं वाकून बघू लागली.

शेवटी नगराध्यक्षच गर्दीतून वाट काढत आले. "बाई, झालं ते वाईटच झालं," ते म्हणाले. "पण आता फार जुनी गोष्ट आहे ही."

"जुनी आहे म्हणूनच संग्रहालयात ठेवलीय ना?"

गर्दीत कुणीतरी हसलं. नगराध्यक्षांचे कान लाल झाले. त्यांनी लिंडक्विस्टला बाजूला घेतलं आणि सोमवारी रंगाऱ्याला बोलावून हे सगळं सारखं करून घ्या, असं बजावलं. ते ओडेसाला ऐकू गेलं.

तिने कानशीवरची भुकटी फुंकरीने उडवली. कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि नळाच्या दुसऱ्या बाजूला नीट बसली.

"बोलवा," ती म्हणाली. "गावातला लाल आधी संपतो की माझ्या घरचा पांढरा, ते बघू."