खिडकीची जागा

"ही गोळी आत जाऊन करते तरी काय गं?" आईने विचारलं. कॅन्सरच्या औषधांचे नवे रेणू घडवणं हेच ऋजूचं काम.

"एसटीत तू खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचीस ना? तसंच. शरीरातलं एक एन्झाइम हार्मोन बनवतं, त्यावर तुझी गाठ पोसते. गोळी त्या एन्झाइममधली जागा आधीच अडवते. मग हार्मोन बनणार कुठून?"

"म्हणजे भांडण नाही, नुसता रुमाल!" आईने हसत गोळी घेतली.

दुपारी आईचा डोळा लागला. स्वप्नात घरी जाणारी लाल गाडी धुक्यातून आली. दाराशी ही झुंबड! कशीबशी आत शिरली, तर खिडकीची एकच जागा मोकळी, तिच्यावरही कुणाचासा रुमाल. दुसऱ्याने धरलेल्या जागेवर ती जन्मात बसली नव्हती. निमूट मागे फिरली.

फिरताना रुमालाच्या कोपऱ्यातलं निळं फूल दिसलं. ऋजू शाळेत जाऊ लागली तेव्हा आईनेच तिच्यासाठी भरलेलं.

खिडकीबाहेर टाचा उंचावून ऋजू उभी, दोन वेण्यांची, घामाघूम. "आई, बैस ना! तुझ्यासाठीच टाकलाय."