निम्मे आज

"एका स्क्रूचे पस्तीस हजार?" हार्डवेअरवाले गंगाधरशेठ खुर्चीत ताठ झाले. "माझ्याकडे दोन रुपयांना मिळतो!"

"तुमचा भिंतीत बसतो शेठ, हा हाडात बसवायचा," दातांच्या डॉक्टरबाई हसल्या. "निम्मे आज द्या. चार महिन्यांत हाडानं स्क्रू घट्ट धरला, की वर दात बसवू. उरलेले तेव्हा."

सोबत आलेल्या शेठच्या बायकोनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. गल्ल्यावर 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लावून ज्यांनी सख्ख्या साडूलाही कधी उधार दिलं नाही, ते शेठ कान खाजवत पुटपुटले, "चालेल."

स्क्रू बसला. पंधरवड्यानं डॉक्टरबाई दुकानात आल्या. दवाखान्यातला नळ गळत होता. शेठनी नवा नळ काढला. "साडेचारशे."

बाईंनी सव्वादोनशे ठेवले. "उरलेले गळती थांबल्यावर."

शेठनी पाटीकडे पाहिलं. मग इतके दिवस मिशीआड लपवलेलं खिंडार दाखवत ते खदखदून हसले आणि गल्ल्यावरच्या बायकोला म्हणाले, "लिहून ठेव गं, बाईंच्या नावावर."

"ठेवते की! पण अहो, कशात लिहू? आपल्या दुकानात उधारीची वही कधी होती?"