शेपटीवरच्या रेघा

पिंजऱ्यातले दहाही उंदीर मृण्मयीकडे बघत होते, आणि एकाच्याही शेपटीवर लाल रेघ नव्हती. रेघ असलेल्या पाच जणांना तिनं डीएनए लस टोचली होती, उरलेल्या पाचांना नुसतं मिठाचं पाणी.

"मामा, रेघा कुठे गेल्या?"

उंदरांची खोली सांभाळणारे सोपानमामा खूश होते. "पुसल्या की स्पिरिटनं. उद्या तपासणीला कमिटी येतेय ना. सरच म्हणाले, सगळं चकाचक पाहिजे."

मृण्मयीच्या पीएचडीची चार वर्षं त्या पाच रेघांवर उभी होती. ती तशीच गाईडच्या केबिनमध्ये धावली.

सर चहा पीत होते. "अगं, लसीतला डीएनए पेशीत गेला की पेशी विषाणूचं प्रथिन बनवते आणि त्याचे तुकडे टी पेशींना दाखवते. टी पेशी ते लक्षात ठेवतात. आता तेच प्रथिन त्यांना परत दाखव. ज्या उंदराच्या टी पेशी चवताळतील, त्याला लस दिली होती. बाकीच्यांना पाणी."

"पण सर, तिघांच्याच चवताळल्या तर?"

"तर आपण तिघांनाच लस दिली होती."

"आणि सातांच्या चवताळल्या तर?"

सरांनी पहिल्यांदाच कप खाली ठेवला. "तर मिठाच्या पाण्याचं पेटंट घेऊ."

मृण्मयी बाहेर आली आणि नव्या दहा उंदरांसाठी अर्ज लिहायला बसली.