ओळखीचा

"हे 'उन' म्हणजे काय गं?" बायकोची स्पॅनिशची वही चाळत मी विचारलं.

"'उन' म्हणजे कुणीतरी एक. 'एल' म्हणजे तोच तो, ओळखीचा," भाकरी थापत ती म्हणाली. "आपल्या मराठीत ही भानगडच नाही, म्हणून सारखं चुकतं."

गृहपाठात दोनच वाक्यं होती, खाली पेन्सिलीने अर्थ लिहिलेला. 'उन' नवरा मला स्कूटरवर क्लासला सोडतो. 'एल' मित्र माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरतो.

दर शनिवारी क्लासखाली ताटकळताना त्या मित्राला मी पाहिलं होतं. दाढीवाला. तिच्यासोबत हसत जिना उतरणारा.

"अकरा वर्षं संसार करून मी कुणीतरी एक? आणि तो तीन महिन्यांत ओळखीचा?"

"अय्या, चुकलंच!" फडक्याला हात पुसून तिने खोडरबर घेतलं, वहीवर वाकून एक शब्द बदलला आणि पुन्हा भाकरीकडे वळली.

मला हायसं वाटलं. एवढ्याशा शब्दावरून केवढा जळलो मी!

मग वही पाहिली. मित्राचं 'एल' खोडून तिने 'उन' लिहिलं होतं. माझ्या 'उन'ला हातही लावला नव्हता.